नऊ जणांचेही आरोग्य टिकले



संत लूकच्या शुभवर्तमानात (17:11-19) प्रभू येशू दहा कुष्ठरोग्यांना बरे करतो. आभार मानायला एकच परत येतो, तोही परका समजला जाणारा शोमरोनी. बाकीचे नऊ जण कुठे गेले, असे प्रभू विचारतो. म्हणजे कृतघ्नपणा त्यालाही जाणवला. आपल्याला वाईट वाटले तर ते पाप नव्हे. पण त्या नऊ जणांना दिलेले आरोग्य प्रभूने काढून घेतले नाही.

व्यवहार आणि प्रीती यांत हाच फरक आहे. व्यवहारात मोबदला मिळाला नाही की सौदा मोडतो. प्रीतीचे मूळ समोरच्याच्या आभारात नसते. देवाने आपल्यावर आधी प्रीती केली, यात असते.

आपल्या दौंड तालुक्यातील केडगावचेच उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाई कॅथोलिक नव्हत्या, पण ख्रिस्तातील आपल्या भगिनी होत्या. 1889 साली त्यांनी विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढले व पुढे ते पुण्यास आणले. 1893 साली धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद पेटला. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या मान्यवरांनी सल्लागार मंडळ सोडले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार बंद केले नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुलींना व स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच वाढले. मूळ भाषांवरून त्यांनी बायबलचा मराठी अनुवाद केला. पण 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या आणि संपूर्ण बायबल छापून झाले 1924 साली. ते हाती घेणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

आपल्यापैकी कुणी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा करते, कुणी मिस्सेआधी येऊन चर्च झाडते. कौतुक होत नाही, उलट बोलणी बसतात. तरी चांगले करण्याचा कंटाळा करू नये, असे संत पौल गलतीकरांस सांगतो (6:9). मात्र याचा अर्थ अन्याय मुकाट्याने सोसावा असा नव्हे. कामाची मजुरी मागणे हा हक्क आहे. स्तुती मात्र हक्काने मागता येत नाही.

आणि आपणही कधी त्या नऊ जणांत असतो. 'युखारिस्त' या ग्रीक शब्दाचा अर्थच आभार मानणे. दर रविवारी मिस्सेला येतो, ते परत आलेल्या त्या एकासारखे. म्हणून या आठवड्यात दोन गोष्टी करू या: रागाने सोडून दिलेले एखादे चांगले काम पुन्हा हाती घेऊ, आणि ज्यांचे आभार मानायचे राहिले, त्यांच्या घरी जाऊन ते मानू.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.