भिंगावरील बुरशी आणि विम्याचे कलम

लग्नसराई आटोपली की अनेक व्यावसायिक छायाचित्रकारांचा कॅमेरा जूनमध्ये बॅगेत जातो, तो तुळशीच्या लग्नानंतरच बाहेर निघतो. तेव्हा भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू पसरलेले दिसतात. ही बुरशी होय. कोकण, गोवा, केरळ, कोलकाता अशा दमट प्रदेशांत हा अनुभव नवा नाही. ज्याने कर्ज काढून उपकरणे घेतली आहेत, त्याचा हप्ता मात्र पावसाळ्यातही थांबत नाही.

अशा वेळी विम्याची आठवण होते. तथापि कॅमेऱ्यासाठी घेतल्या जाणाऱ्या 'ऑल रिस्क' पॉलिसीत चोरी, आग, अपघाती मोडतोड यांना संरक्षण असले, तरी झीज, हळूहळू होणारा बिघाड, बुरशी व हवामानाचे परिणाम सामान्यतः वगळलेले असतात. बुरशीतून स्रवणाऱ्या आम्लाने भिंगावरील लेप खाल्ला गेला असेल, तर साफसफाईनेही भिंग पूर्ववत होत नाही. म्हणून येथे प्रतिबंध हाच विमा!

हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी फोफावते. साठवणीसाठी ४० ते ५० टक्के ही पातळी योग्य मानतात. विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट उत्तम खरे. परंतु घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यानेही काम भागते. निळे सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी होते व तापविल्यावर पुन्हा निळे होते. त्या निळ्या रंगासाठी वापरले जाणारे कोबाल्ट क्लोराइड विषारी असते, त्यामुळे ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये. नारिंगी प्रकार अधिक बरा. चामड्याची दिमाखदार केस प्रवासापुरती ठीक. चामडे ओलावा धरून ठेवते, त्यामुळे कॅमेरा कायम तिच्यात ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रणच. वातानुकूलित खोलीतून बाहेरच्या दमट हवेत जाताना कॅमेरा बंद पिशवीत ठेवावा व त्याचे तापमान बाहेरच्याइतके होईपर्यंत उघडू नये, अन्यथा त्यावर दव साचते.

आता पुन्हा विम्याकडे. हप्ता वाचविण्यासाठी उपकरणांची किंमत कमी दाखविण्याचा मोह अनेकांना होतो. पॉलिसीत सरासरीचे कलम असेल, तर तो अंगाशी येतो. समजा, उपकरणांचे मूल्य ४ लाख रुपये आहे आणि विमा २ लाखांचाच उतरविला आहे. ६० हजारांचे नुकसान झाल्यास भरपाई ३० हजारांच्या हिशेबानेच मिळते, कारण उरलेल्या निम्म्या जोखमीचा विमाधारक स्वतःच धनी ठरतो. व्यावसायिक वापर प्रस्तावात स्पष्ट नमूद करावा. उभ्या वाहनातून झालेल्या चोरीच्या अटी वाचाव्यात. प्रत्येक कॅमेऱ्याचा व भिंगाचा अनुक्रमांक, बिल आणि छायाचित्र जपून ठेवावे, आणि तेही त्या बॅगेबाहेर!

उपकरण पुन्हा विकत घेता येते. एखाद्या लग्नाची छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत. त्यासाठी ३-२-१ हा नियम रूढ आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक अन्य ठिकाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी तळमजल्यावरील एकाच कपाटात मूळ व प्रत दोन्ही ठेवणाऱ्याला दुसऱ्या प्रतीचा काय उपयोग?

संगणकप्रणालीवर मोठा खर्च करण्यापूर्वी डार्कटेबल किंवा रॉथेरपी या मोफत प्रणाली वापरून पाहण्यास हरकत नाही. चोरीच्या प्रणालीबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो, आणि त्याच संगणकावर नेटबँकिंगही चालते हे विसरू नये. कार्डावरील छायाचित्रे चुकून पुसली गेल्यास त्या कार्डावर पुढे एकही छायाचित्र घेऊ नये. पुसलेली माहिती तत्काळ नष्ट होत नाही, तिच्यावर नवी माहिती लिहिली गेल्यावर ती जाते. कार्ड बाजूला काढून फोटोरेक ही मोफत प्रणाली चालवावी व सापडलेल्या फाइली त्या कार्डावर नव्हे, संगणकावर साठवाव्यात.