रात्रपाळीच्या नोकरीविषयी भाच्यास पत्र

चि. बाळ यास,

परवा ताईचा फोन आला. तुला ठाण्याकडे रात्रपाळीची नोकरी लागली, काम संगणकाच्या तांत्रिक साहाय्याचे, गिऱ्हाइके सगळी अमेरिकेतली, आणि पहिल्याच पगारातून तू तिला लॅपटॉप घेऊन दिलास, हे सांगताना तिचा कंठ असा दाटून आला की मला ‘छान, छान’ यापलीकडे शब्द सुचला नाही. पण त्याच संध्याकाळी आपल्या आळीतल्या एका मुलाने (नाव लिहीत नाही, तू ओळखशील) मला वाटेत गाठून जे सांगितले, त्याने माझी झोप उडाली आहे. नेमणुकीचा कागद नाही, पगार रोख पाकिटात, दारावर पाटी नाही, आत शिरताना मोबाइल काढून घेतात, आणि प्रत्येकाला एकेक इंग्रजी नाव बहाल केलेले आहे! कर्णोपकर्णी आलेल्या वार्तेवरून कोणास दोषी धरू नये, हे सारी हयात महसूल खात्यात घालवलेल्या माणसास निराळे सांगावे लागत नाही. म्हणूनच आरोप करण्यापूर्वी तुझा जबाब घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. प्रश्न एकच : तू फोनवर आपले नाव काय सांगतोस?

हा धंदा कसा चालतो, याची मी चार जाणत्यांकडून खातरजमा करून घेतली. कोणा वृद्धाच्या पडद्यावर अकस्मात भली मोठी सूचना झळकते, भोंगा वाजू लागतो, आणि खाली मदतीचा नंबर असतो. किंवा ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतो’ म्हणून इकडूनच फोन जातो. वास्तविक ती कंपनी असा आपण होऊन कोणास फोन करीत नाही, आणि तिच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. मग त्या माणसाकडून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडवतात. तो म्हणजे संगणकाचा रोजनामा. अगदी धडधाकट यंत्राच्या रोजनाम्यातही तांबड्या-पिवळ्या खुणांची रांग असते, पण अजाण माणसाला तीच मृत्युपत्रिका म्हणून दाखवायची. पुढे एनीडेस्कसारखे साधन त्याच्याच हातून बसवून यंत्राचा ताबा घ्यायचा, नसलेल्या बिघाडाच्या दुरुस्तीचे शुल्क मागायचे, तेही पुष्कळदा दुकानातून गिफ्ट कार्डे आणायला लावून त्यांवरचे आकडे फोनवर वाचून घ्यायचे; आणि काही महिन्यांनी ‘तुमचे शुल्क परत करतो’ अशी बतावणी करून उरलेसुरले खातेही साफ करायचे. यांतली कोणती पायरी तुझ्या वाट्याला आली आहे? आणि ती चढताना तू कोणाचे नाव सांगतोस? बारशाला तुला आजोबांचेच नाव ठेवावे, असा हट्ट मी धरला होता, म्हणून पुन्हा पुन्हा विचारतो.

तुला हे जग नवे वाटत असेल, मला वाटत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा कचेरीच्या आवारात एक दलाल बसत असे. खेड्यातून आलेल्या माणसाच्या हातातला सातबारा घेऊन तो उलटसुलट करी आणि गंभीर चेहऱ्याने म्हणे, ‘यात खोट आहे, जमीन हातची जाईल.’ एकदा एका म्हातारीचा उतारा मी स्वतः नकलून दिला होता. त्यात काडीचीही खोट नाही, हे मला पक्के ठाऊक होते. ती कनवटीची पुरचुंडी सोडून त्याच्यापुढे एकेक नोट मोजू लागली, तेव्हा मी खिडकीशी मान खाली घालून लिहीत राहिलो. कारण दलालाचा वरिष्ठांशी घरोबा होता आणि माझी नोकरी अजून कच्ची होती. जाताना तिने मलाही हात जोडले. तेव्हा ‘मी नुसता फोन उचलतो, पैसे पलीकडच्या टेबलावरचा घेतो’ असे मला सांगू नकोस. मान खाली घालून लिहिणाराही त्या व्यवहारात असतो.

कायदाही तसेच मानतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. तिथली मुले अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी बनून तिकडच्या लोकांना अटकेचे भय घालीत. सुमारे ७०० जणांची चौकशी झाली, ७० जणांना अटक झाली, आणि त्यांत बहुतेक तुझ्याच वयाची, नोकरी म्हणून गेलेली पोरे होती. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ ड अन्वये ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २०२३ साली तर केंद्रीय अन्वेषण विभागाने मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून देशभर झडत्या घेतल्या. त्याच एका वर्षात तांत्रिक साहाय्याच्या नावाखाली ९० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गेल्याच्या तक्रारी अमेरिकेच्या एफबीआयकडे नोंदल्या गेल्या, आणि गमावणाऱ्यांत साठी उलटलेल्यांचा वाटा मोठा होता. साठी उलटलेली, घरात एकटी, मुलाने दिलेले यंत्र जिवापाड जपणारी बाई म्हणजे कोण, हे मी लिहायला हवे का?

उद्या ताईच्या पडद्यावर तसलीच सूचना झळकली तर? तिने काय करावे, हे तूच तिला शेजारी बसून शिकव. त्या नंबरावर फोन करायचा नाही. आलेला फोन वाद न घालता ठेवून द्यायचा. सूचना हटतच नसेल तर बटण दाबून धरून यंत्र बंद करायचे. परक्याच्या सांगण्यावरून काही बसवायचे नाही, ओटीपी वाचून दाखवायचा नाही. आणि चुकून बसवलेच असेल तर आधी वायफाय तोडायचे, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलायचे, बँकेला इतल्ला द्यायची आणि लाज न बाळगता तत्काळ सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येतात. ‘माझाच मुलगा हे काम करतो’ हे मात्र तिला कधी कळू नये, एवढी माझी देवाकडे मागणी आहे.

रागाच्या भरात फार लिहिले. वडिलांच्या पश्चात घराचा भार तुझ्यावर लवकर पडला, इतक्या जागी अर्ज करून कोठून उत्तर आले नाही, हे मी जाणतो. आणि अशा वेळी तुझी वास्तपुस्त मीच अधिक करायला हवी होती. ताईजवळ मी यातले अक्षर काढलेले नाही. वार्ता खोटी निघाली तर तुझी क्षमा मागेन आणि त्या मुलाचा कान धरीन. खरी असली तर या महिन्याच्या पगाराचीही वाट न पाहता उठून ये. खोलीचे भाडे मी भरीन. दुसरे काम मिळेपर्यंत इकडेच राहा, मामीने माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. तिथले संदेश, कागद काही पुसू नकोस, ते तुझ्याच बाजूचा पुरावा ठरतील. आणि जबाब द्यायला पोलिसांत जावेच लागले तर एकटा जाऊ नकोस. आधी वकिलांना विचारू, मग मी तुझ्याबरोबर येईन.

तुझा,
मामा