मेहताजींची नवी वही

रोज सकाळी धामणकर नाक्यावरून किती माणसे कामाला जातात! कुणी मागावर जातो, कुणी गोदामात. कुणी भाजीची पाटी घेऊन बाजार गाठते. आज यांतल्या बहुतेकांजवळ फोन असतो. पगार जमा झाला की फोन सांगतो. पोराची फी फोनवरून भरता येते. रेशनकार्डाचा फोटोही फोनमध्येच असतो.

हाच फोन मधूनच एक निरोप दाखवतो : ‘नवे अपडेट आले आहे.’ त्याखाली दोन पर्याय असतात, ‘आता’ आणि ‘नंतर’.

इथे पुष्कळजण अडतात. काहीजण घाबरून महिनोन्महिने ‘नंतर’ दाबत राहतात. काहीजण न वाचताच ‘आता’वर अंगठा ठेवून मोकळे होतात. मंडळी, ही दोन्ही माणसे चुकतात. मग करावे तरी काय? ते या धड्यात पाहू.

मेहताजी आणि त्यांची वही

आपली भिवंडी मागांची, तशीच गोदामांची. तेव्हा गोदामाचाच दाखला घेऊ.

गोदामात कापडाच्या गाठी येतात. हमाल त्या उतरवतात. पण कोणती गाठ कुठे ठेवायची, कोणाला किती माल द्यायचा, दार कोणासाठी उघडायचे, हे कोण ठरवते? मेहताजी. मेहताजी नसतील, तर माल असून खोळंबा होतो.

फोनच्या आतही असा एक मेहताजी असतो. तो माणूस नव्हे, बरे का! तो एक मोठा प्रोग्रॅम आहे. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक फोनांत अँड्रॉइड नावाचा मेहताजी असतो. अॅपलच्या फोनात आयओएस असतो. ऑफिसातल्या बहुतेक संगणकांत विंडोज असतो.

आता मेहताजींची वही पाहू. अमुक गाठ तिसऱ्या रांगेत, वरच्या फळीवर, असे त्या वहीत लिहिलेले असते. वही हरवली, तर माल जागेवर असूनही सापडायचा नाही. फोनमध्ये तुमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो कुठे ठेवले आहेत, याची नोंदही अशाच एका वहीत असते. वही ठेवण्याच्या या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात.

मेहताजींना नवे काही शिकवणे, त्यांच्या कामातल्या चुका दुरुस्त करणे, म्हणजे अपडेट. कधीकधी त्याबरोबर वहीची पद्धतही सुधारते.

वही कशी सुधारली?

समजा, मेहताजींनी गाठ एका जागेवरून दुसरीकडे हलवली. वहीत नवी जागा लिहिणार, तोच लाइट गेली. आता वही सांगते एक आणि माल आहे भलतीकडे! जुन्या संगणकांत असे होत असे. लिहिता लिहिता वीज गेली, की फाइल बिघडे.

जाणत्यांनी यावर साधी युक्ती काढली. एक कच्ची वही ठेवायची. काम करण्याआधी तिच्यात लिहायचे, ‘अमुक गाठ तमुक जागी नेणार आहे.’ मग काम करायचे. काम पुरे झाले, की त्या ओळीवर काट मारायची. मध्येच वीज गेली, तरी परत आल्यावर मेहताजी कच्ची वही उघडतात. काट न मारलेली ओळ पाहतात आणि काम कुठे अडले ते ओळखतात.

विंडोजच्या घराण्यात १९९३ साली आलेल्या एनटीएफएस या पद्धतीत अशी कच्ची वही होती. लिनक्स या दुसऱ्या मेहताजींकडे २००१ साली एक्स्ट-३ आणि २००८ साली एक्स्ट-४ ही पद्धत आली. तीतही कच्ची वही आहे.

पण बहुतेक मेमरी कार्डांवर अजून जुन्या घराण्याची वही असते. तिला कच्च्या वहीची जोड नसते. म्हणून फोटो उतरत असताना कार्ड खसकन ओढून काढू नये.

मार्च २०१७ मध्ये अॅपल कंपनीने एका अपडेटबरोबर आपल्या फोनांतली सबंध वहीच बदलली. फोटो, नंबर, निरोप जागच्या जागी राहिले आणि नोंदी नव्या पद्धतीने लिहिल्या गेल्या. अपडेटचे काम केवढे मोठे असू शकते, ते यावरून कळेल. म्हणूनच अपडेट चालू असताना फोन बंद करायचा नाही.

कडी वेळेवर दुरुस्त करावी

अपडेट घेतले नाही, तर काय बिघडते? ऐका, ही घडलेली हकिकत आहे.

गोदामाच्या मागच्या दाराची कडी मोडली आहे, हे चोराला कळले तर काय होईल? विंडोजमध्ये अशीच एक मोडकी कडी सापडली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती पाठवली. पुष्कळांनी ती लगेच घेतली. पुष्कळांनी ‘नंतर’ म्हटले.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम त्याच दाराने शिरला. सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने पकडले. फाइलींना कुलूप घातले आणि किल्लीसाठी पैसे मागितले. इंग्लंडमध्ये कित्येक इस्पितळांचे काम अडले. कडीची दुरुस्ती दोन महिने आधीच आली होती!

पुढे २७ जून २०१७ रोजी दुसरा उपद्रव आला. त्याचे नाव नॉटपेट्या. त्याचा फटका मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीला बसला. आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात या कंपनीच्या समूहाचे एक टर्मिनल आहे. तिथले संगणकावरचे काम बंद पडले. कंटेनर अडकले. कामे हाताने करण्याची वेळ आली. याच बंदरातून आपल्या भागातल्या गोदामांकडे माल येतो. म्हणजे दूर देशी लागलेली आग आपल्या उंबऱ्यापर्यंत आली म्हणायची.

दार ओळखावे, नक्कल ठेवावी

नॉटपेट्याच्या हकिकतीत आणखी दोन धडे आहेत.

पहिला धडा. हा उपद्रव आला कसा? युक्रेन देशात हिशेबाचा एक प्रोग्रॅम पुष्कळ कंपन्या वापरत. चोरांनी त्या प्रोग्रॅमच्या अपडेटमध्येच विष मिसळले. त्यामुळे लोकांनी विश्वासाने चोराला घरात घेतले. एवढ्या मोठ्या कंपन्या फसल्या. मग आपल्याला कोणीही पाठवलेल्या ‘अपडेट’वर डोळे झाकून विश्वास कसा ठेवायचा? आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर वाहनाच्या दंडाच्या किंवा बँकेच्या नावाने फाइल येते. ती उघडली, की चोर फोनमध्ये शिरतो आणि खाते रिकामे करतो. फोनच्या मेहताजींचे खरे अपडेट व्हॉट्सअॅपवर येत नाही. ते फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये येते. त्यासाठी ओटीपी कोणी मागत नाही.

दुसरा धडा. मर्स्क कंपनीची महत्त्वाची वही जगभरातल्या तिच्या संगणकांवरून पुसली गेली. तिची एकच नक्कल वाचली. कुठे? आफ्रिकेतल्या घाना देशात. हल्ल्याच्या आधी तिथली लाइट गेली होती, म्हणून तो संगणक जाळ्यापासून तुटला होता. ती नक्कल माणसांनी विमानाने इंग्लंडला नेली. मग कंपनीने दहा दिवसांत ४५,००० संगणक नव्याने मांडले. लाइट जाण्याचा असा उपयोग जगात क्वचितच झाला असेल! पण आपण लाइट जाण्याच्या भरवशावर बसू नये. नक्कल आपण होऊन ठेवावी.

अपडेट येण्याआधी

पेरणीआधी आपण पाऊस पडायची वाट पाहत बसत नाही. आधी नांगरट करतो, बी निवडून ठेवतो. अपडेटचेही तसेच आहे. तयारी आधीच करावी.

१. फोटो, नंबर आणि कागदपत्रे यांची नक्कल दुसरीकडे ठेवा. घरातल्या जाणत्या मुलाची मदत घ्या. महत्त्वाचे नंबर कागदाच्या वहीतही लिहा.

२. फोनमध्ये मोकळी जागा करा. नको असलेले व्हिडिओ काढून टाका. गोदाम ठासून भरलेले असेल, तर नवा माल कुठे ठेवणार?

३. चार्जिंग भरपूर ठेवा. रात्री काम आटोपल्यावर अपडेट घ्या. धंद्याच्या वेळी घेऊ नका.

४. अपडेट फक्त ‘सेटिंग्ज’मधूनच घ्या.

५. सुरक्षेची दुरुस्ती आली, तर फार लांबणीवर टाकू नका. मेहताजींचा सगळा नवा अवतार आला असेल, तर चार दिवस थांबायला हरकत नाही. तेवढ्यात त्यातले दोष असतील, तर बाहेर येतात.

नव्या फोनांपैकी पुष्कळांत आणखी एक सोय आहे. २०१६ साली अँड्रॉइडमध्ये ती आली. फोनमध्ये मेहताजींसाठी दोन खोल्या असतात. जुने मेहताजी एका खोलीत काम करत असतात, तेवढ्यात नवे मेहताजी दुसऱ्या खोलीत बसतात. नव्यांना काम जमले नाही, तर फोन जुन्यांनाच परत बोलावतो.

जुना फोन घेताना

मेहताजींना शिकवण्याचे काम कंपनी कायम करत नाही. काही वर्षांनी ते थांबते. विंडोज-१० या मेहताजींच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. तो संगणक चालू राहतो, पण नवी कडी मोडली तर आपोआप दुरुस्त होत नाही. तेव्हा जुना फोन विकत घेताना नुसती काच आणि कॅमेरा पाहू नका. दुकानदाराला विचारा, ‘शेठ, याला अपडेट अजून येते का?’ सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख असते. ती स्वतः वाचा. तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नका.

पूर्वी सावकार कागद पुढे करी आणि अडाणी माणूस न वाचता त्यावर अंगठा उठवी. त्या अंगठ्याने कित्येकांची शेते गेली. आज आपल्याला अक्षर आले आहे. पण फोनच्या काचेवर न वाचता अंगठा ठेवला, तर तोही अंगठाच! म्हणून आधी वाचा, समजून घ्या, नाही समजले तर विचारा. मग दाबा. आणि फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर तक्रार करा.

प्रश्न

१. फोनमधल्या ‘मेहताजीं’ना काय म्हणतात?
२. कच्च्या वहीचा उपयोग काय?
३. मर्स्क कंपनीची वही कशामुळे वाचली?
४. अपडेटची फाइल व्हॉट्सअॅपवर आली, तर तुम्ही काय कराल?

करून पाहा

आपल्या फोनची सेटिंग्ज उघडा. शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख शोधा आणि ती आपल्या हाताने वहीत लिहा. मग शेजाऱ्याच्या फोनमधली तारीख त्याला शोधायला लावा. ती त्यालाच वाचू द्या.