मुक्तास

शहागड



पत्र मिळालं. घरात कुणाला दाखवलं नाही. तुझ्या जोडीदारानं सांगायचं आणि तू ऐकायचं, हे तुम्ही दोघांनी बोलून ठरवलंय, तुला ते आवडतं, यात मला दचकण्यासारखं काही वाटलं नाही. आपल्याकडे न विचारता हेच चालतं आणि त्याला संसार म्हणतात. तुम्ही निदान विचारून करताय.

पण एकदा 'हो' म्हटलं म्हणजे जन्माचं लिहून दिलं, असं नव्हे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. नांदायला येत नाही म्हणून १८८४ साली नवऱ्यानं, दादाजींनी, दावा लावला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. तुरुंग पत्करते, म्हणाल्या बाई.

आणि विचारलं तरी काय? आपल्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल बहुतेक वेळा नवराच घेतो. बाईला विचार, "मर्जीनं चालले" म्हणेल. फडावरून मधेच परत यायचं म्हटलं की मर्जी कुणाची ते कळतं, कारण उचल फिटलेली नसते.

म्हणूनच तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं. तुझं पगाराचं एटीएम कार्ड त्याच्याकडे असतं. ते आधी परत घे. भाडेकरारावर तुझं नाव आहे का, तेही बघ.

सेफवर्ड, म्हणजे उच्चारताच थांबायचा शब्द, ठरवलाय म्हणतेस, छान. तो कधी वापरावा लागला नाही याचं तुला कौतुक, मला नाही. एकदा किरकोळ कारणानं वापरून बघ. जोडीदार जागच्या जागी थांबला, तोंड पाडलं नाही, पुढे अबोला धरला नाही, तर माणूस बरा. गळा आवळण्याचे प्रकार मात्र अजिबात नकोत. त्यात सुरक्षित असं काही नसतं, आणि शब्द उच्चारायला श्वासच उरत नाही. भीतीपोटी दिलेली संमती भारतीय न्याय संहितेचं कलम २८ मानत नाही. जाणूनबुजून केलेली गंभीर दुखापत तर खुशीच्या संमतीनंही माफ होत नाही, हे त्यालाही वाचून दाखव.

दिवाळीला दोघं या. दादाशी मी काही बोलणार नाही, ते तुझं तू ठरव. कार्ड हातात आलं की फोन कर.

तुझी,
आत्या