जुनं विमान घ्यायचं झालं तर? – तासांच्या हिशोबाचा एक पाठ

इयत्ता : पाचवी
विषय : गणित (वजाबाकी, भागाकार) आणि व्यवहारज्ञान

आपल्या जुन्नर-आंबेगावात बैल घेताना जाणती माणसं आधी दात बघतात : आदत, दुसा, चौसा की जुळलेला. जुना ट्रॅक्टर घेताना तासांचा मीटर बघतात. मग जुनं विमान घेणारा काय बघत असेल? मुलांना हा प्रश्न विचारून पाठ सुरू करावा.

विमानाची ओळख

उदाहरणासाठी सेसना कॅराव्हॅन घेऊ. हे विमान १९८२ साली पहिल्यांदा उडालं. त्याला एकच टर्बोप्रॉप इंजिन असतं. म्हणजे आत जेटसारखं टर्बाइन फिरतं आणि त्याच्या ताकदीवर पुढचा पंखा फिरतो. हवेत ते बंद पडलं तर दुसरं इंजिन नाही. म्हणून घेणारा रंग, खुर्च्या नंतर बघतो, इंजिन आधी.

वय वर्षांत नाही, तासांत

या विमानाच्या नेहमीच्या इंजिनाला कंपनीने साधारण ३६०० तासांची मुदत दिलेली आहे. तेवढं चाललं की ते पूर्ण उघडून दुरुस्त करायचं. याला ओव्हरहॉल म्हणतात आणि त्याचा खर्च फार मोठा असतो.

फळ्यावर दोन काल्पनिक विमानं मांडावीत. दोन्ही वर्षाला २५० तास उडणार.

विमान 'अ' : वय ८ वर्षं. इंजिन चाललं ३३५० तास.
३६०० – ३३५० = २५० तास. २५० ÷ २५० = १ वर्ष.

विमान 'ब' : वय २० वर्षं. ओव्हरहॉलनंतर चाललं ६०० तास.
३६०० – ६०० = ३००० तास. ३००० ÷ २५० = १२ वर्षं.

आधी मुलं 'अ' निवडतील, कारण ते नवं. हिशोब झाला की 'ब'कडे वळतील. तेव्हा पुढची माहिती द्यावी : 'ब'च्या लॉगबुकातली दोन वर्षांची पानं नाहीत. आता काय?

इथेच खरा धडा आहे. ६०० हा आकडा त्या वहीतूनच आलेला. वही अपुरी, तर आपली वजाबाकीही भरवशाची नाही. काही भागांचं आयुष्य तर तासांवर नाही, फेऱ्यांवर मोजतात. दोन तासांचं एक उड्डाण आणि अर्ध्या तासाची चार उड्डाणं, तास सारखेच, पण फेऱ्या एक आणि चार. तीही नोंद वहीतच.

म्हणून शहाणा माणूस विकणाऱ्याचा नव्हे, आपला स्वतंत्र तंत्रज्ञ नेऊन विमान आणि वही दोन्ही तपासून घेतो. आपल्या गाड्यांवर एमएच-१४ असतं, तसं भारतातल्या विमानावर व्हीटी असतं. ही नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचा दाखला डीजीसीए देते. त्यांनाही कागद लागतातच.

पालकांसाठी

विमान आपण घेणार नाही, पण जुना पिकअप, मोटारसायकल, ट्रॅक्टर घेतोच. व्यवहाराच्या वेळी मुलांना सोबत न्या. मीटर वाचू द्या, सर्व्हिसची वही आणि आरसी बुक ताडून बघू द्या. वहीतले किलोमीटर मीटरपेक्षा जास्त निघाले, तर ते मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

स्वाध्याय

१. घरच्या एका यंत्राची आठवडाभर रोजची नोंद ठेवा : किती तास चाललं, किती वेळा सुरू केलं.
२. एका इंजिनाचे २८५० तास झाले. वर्षाला २५० तास उडालं, तर ओव्हरहॉल किती वर्षांनी?
३. वही नसलेली वस्तू स्वस्तात मिळाली तर घ्याल का? कारण लिहा.

तिसऱ्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कारण नीट दिलं असेल तर पूर्ण गुण द्यावेत.