एक तार, अनेक संगणक

तास सुरू होऊन पाच मिनिटे झाली तरी शिक्षक वर्गात आले नाहीत, तर काय होते ते सांगायला नकोच! चाळीस मुले एकदम बोलू लागतात आणि कोणाचेच बोलणे कोणाला धड ऐकू येत नाही. मग मॉनिटर उठतो, फळ्यावर नावे लिहू लागतो, आणि वर्ग शांत होतो. पण मधल्या सुट्टीत त्यांतलीच पाच-सहा मुले डबा खाताना गप्पा मारतात, तेव्हा त्यांना मॉनिटर लागत नाही. एक बोलत असला की बाकीचे थांबतात. दोघांनी एकदम तोंड उघडले तर दोघेही गप्प होतात, आणि क्षणभराने त्यांपैकी एक जण पुढे बोलू लागतो.

एकाच खोलीत अनेक संगणक जोडायचे म्हटले की हाच प्रश्न उभा राहतो. अलीकडे मोठ्या शहरांतून सामायिक कार्यालये निघाली आहेत. एका मोठ्या दालनात वास्तुविशारद, हिशेबनीस, अनुवादक, दोन-तीन लहान उद्योग असे सारे शेजारी शेजारी बसतात. टेबले, चहा, छपाईयंत्र आणि संगणकांचे जाळे सर्वांचे मिळून एकच असते. असे जाळे उभारणाऱ्याला दोन गोष्टी साधाव्या लागतात. प्रत्येकाला बोलण्याची पाळी मिळाली पाहिजे, आणि एकाचे कागद दुसऱ्याच्या हाती पडता कामा नयेत. या दोन्ही गोष्टी कशा साधतात, ते आपण क्रमाने पाहू.

हवाई बेटांवरचा प्रयोग

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली एक जाळे सुरू केले. विद्यापीठाचा मुख्य संगणक एका ठिकाणी आणि तो वापरू इच्छिणारे दूर पसरलेले. म्हणून त्यांनी तारांऐवजी रेडिओलहरी वापरल्या. जाळ्याला नाव दिले अलोहानेट. ‘अलोहा’ हा तेथील लोकांचा अभिवादनाचा शब्द आहे.

संदेशाचे लहान लहान तुकडे करून पाठवतात. त्यांना पॅकेट म्हणतात. अलोहाचा नियम अगदी साधा होता. पॅकेट तयार झाले की पाठवून द्यायचे. पोच आली तर उत्तमच. पोच आली नाही, तर दुसऱ्या कोणाच्या तरी पॅकेटशी टक्कर झाली असे समजायचे, आपल्या मनाने थोडा वेळ थांबायचे आणि पुन्हा पाठवायचे. हा ‘थोडा वेळ’ प्रत्येकाचा वेगळा असणे महत्त्वाचे. दोघेही सारखाच वेळ थांबले, तर पुन्हा टक्कर ठरलेलीच!

ही पद्धत चालली, पण महाग पडली. एखादे पॅकेट सुखरूप पोहोचायचे, तर ते जात असताना दुसरे निघता कामा नये, आणि त्याच्या आधीचेही कोणते वाटेत असता कामा नये. म्हणजे एका पॅकेटला स्वतःच्या दुप्पट वेळ मोकळी वाट हवी. गणित केले असता असे दिसते की, या पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त उपयोग १ ÷ (२ × २.७१८), म्हणजे शेकडा सुमारे १८ इतकाच होतो. उरलेली वेळ टक्करीत किंवा शांततेत वाया जाते.

आधी ऐका, मग बोला

कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात त्या सुमारास आल्टो नावाचे संगणक तयार होत होते. प्रत्येक संशोधकाच्या टेबलावर एक संगणक आणि सर्वांच्या मिळून एक वेगवान लेसर छपाईयंत्र, अशी कल्पना होती. तेव्हा हे संगणक एकमेकांना आणि त्या यंत्राला जोडणे भाग होते. रॉबर्ट मेटकाफ यांनी अब्रामसन यांचे काम वाचले होते. २२ मे १९७३ रोजी त्यांनी एक टिपण लिहिले आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ते जाळे प्रत्यक्षात उतरवले. त्याचे नाव ईथरनेट. प्रकाशलहरी ‘ईथर’ नावाच्या सर्वव्यापी माध्यमातून जातात असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानीत. तो ईथर खोटा ठरला. नाव मात्र या तारेला चिकटले.

सर्व संगणक एकाच जाड तारेला जोडलेले होते. अलोहाच्या नियमात मेटकाफ यांनी दोन सुधारणा केल्या. पहिली : बोलण्यापूर्वी तारेवर कान द्या, कोणी बोलत असेल तर थांबा. दुसरी : बोलत असतानाही ऐकत राहा, आपल्या संदेशात दुसऱ्याचा मिसळलेला आढळला, तर ताबडतोब बंद करा. डबा खाणाऱ्या मुलांचाच हा नियम नव्हे काय?

टक्कर झाल्यावर किती थांबायचे, याचाही ठरलेला हिशेब आहे. पहिल्या टक्करीनंतर प्रत्येक संगणक ० किंवा १ यांपैकी एक आकडा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडतो आणि तितके कालखंड थांबतो. पुन्हा टक्कर झाली तर ० ते ३, त्यानंतर ० ते ७, मग ० ते १५, अशी निवड दर वेळी दुपटीने वाढते. दोनच संगणक असतील, तर दोघांनी तोच आकडा निवडण्याची शक्यता पहिल्या वेळी १/२, दुसऱ्या वेळी १/४ आणि तिसऱ्या वेळी १/८. तिन्ही वेळा टक्कर होण्याची शक्यता १/२ × १/४ × १/८, म्हणजे फक्त १/६४. गर्दी जितकी जास्त, तितके सगळे आपोआप अधिक थांबतात, आणि हे कोणी सांगावे लागत नाही.

कालखंडाचे गणित

हा एक कालखंड केवढा असावा? पुढे सेकंदाला १ कोटी बिट नेणारे ईथरनेट प्रचारात आले. त्यात दोन टोकांच्या संगणकांतील अंतर जास्तीत जास्त सुमारे २,५०० मीटर असू शके. तारेतून संकेत सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो असे धरू. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत १२.५ मायक्रोसेकंद लागतात. समजा, संकेत पलीकडे पोहोचतो न पोहोचतो तोच तेथील संगणक बोलू लागला. टक्कर झाली, पण तिची वार्ता परत येण्यास आणखी १२.५ मायक्रोसेकंद हवेत. वाटेतील उपकरणांचा विलंब आणि थोडी सवड धरून हा कालखंड ५१.२ मायक्रोसेकंद ठरवला गेला.

एवढ्या वेळात १ कोटीच्या वेगाने ५१२ बिट, म्हणजे ६४ बाइट जातात. म्हणून ईथरनेटचे पॅकेट ६४ बाइटांपेक्षा लहान ठेवायचे नाही, असा नियम झाला. ते लहान असते, तर टक्करीची वार्ता परत येण्याआधीच पाठवणारा ‘झाले माझे काम’ म्हणून मोकळा झाला असता!

तार गेली, स्विच आला

आजच्या कार्यालयात ती एकच जाड तार दिसत नाही. प्रत्येक टेबलापासून एक स्वतंत्र तार स्विच नावाच्या पेटीपर्यंत जाते. तांब्याच्या तारेची ही लांबी १०० मीटरच्या आत ठेवतात. प्रत्येक संगणकाच्या जोडणीयंत्राला ४८ बिटांचा एक क्रमांक असतो. कोणता क्रमांक कोणत्या तारेवर आहे, हे स्विच येणारी पॅकेटे पाहून स्वतःच शिकतो आणि पॅकेट नेमके त्याच तारेवर सोडतो. जायची व यायची वाट वेगळी असल्यामुळे टक्करीचा प्रश्नच मिटतो.

हवा मात्र एकच

वायफायच्या बाबतीत मात्र जुनी अडचण पुन्हा उभी राहते, कारण हवेचे तुकडे करून प्रत्येकाला वाटता येत नाहीत. शिवाय रेडिओयंत्र बोलत असताना त्याच्या स्वतःच्या संकेतापुढे दूरचा क्षीण संकेत बुडून जातो. त्यामुळे टक्कर ओळखणे अवघड होते. म्हणून वायफाय टक्कर टाळण्यावर भर देते. आधी ऐकायचे, वाट मोकळी दिसली तरी आणखी काही क्षण थांबायचे, मग पाठवायचे आणि पोचेची वाट पाहायची.

येथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. एका संगणकाचा वेग सेकंदाला ५४ एकक, आणि भिंतीआड बसलेल्या दुसऱ्याचा ६ एकक आहे. दोघे आळीपाळीने सारखीच मोठी पॅकेटे पाठवतात. एकाच पॅकेटासाठी दुसऱ्याला पहिल्याच्या नऊपट वेळ लागतो. म्हणजे वेळेचे दहा भाग केले, तर एक पहिल्याचा आणि नऊ दुसऱ्याचे. पहिल्याला मिळाले ५४ × १/१० = ५.४ आणि दुसऱ्याला ६ × ९/१० = ५.४. पाळ्या सारख्या वाटल्या, पण वेगवान संगणक मंद संगणकाच्या पंक्तीला जाऊन बसला!

म्हणून जाणकार मनुष्य हलवावी न लागणारी यंत्रे, उदाहरणार्थ छपाईयंत्र व टेबलावरचे संगणक, तारेनेच जोडतो आणि हवा फिरत्या उपकरणांसाठी मोकळी ठेवतो. वायफायची प्रक्षेपणयंत्रे तो भिंतींचा विचार करून बसवतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात शेजारच्या वाहिन्या एकमेकींवर चढतात. म्हणून जवळजवळच्या यंत्रांना १, ६ व ११ अशा दूरच्या वाहिन्या दिल्या जातात.

पत्ते संपतात तेव्हा

जाळ्यात प्रत्येक उपकरणाला एक पत्ताही लागतो. लहान जाळ्यात सहसा २५४ पत्ते असतात. एक बाहेरच्या वाटेवरील राउटर घेतो, उरले २५३. समजा, कार्यालयात १०० जण आहेत आणि प्रत्येकाजवळ संगणक व फोन आहे. २०० पत्ते झाले. सकाळी एका वर्गाला ४० पाहुणे आले, २४०. ते निघून गेले आणि संध्याकाळी दुसरे ४० आले. पत्ता २४ तासांसाठी दिला जात असेल, तर सकाळच्या पाहुण्यांचे पत्ते अजून अडकलेलेच आहेत. लागले २८०, आहेत २५३. २७ जणांना जाळे मिळत नाही. तार ठीक, वीज ठीक, तरी ‘नेट बंद’ अशी ओरड होते. उपाय साधा आहे : पाहुण्यांना पत्ता तासाभरासाठीच द्यावा, किंवा पत्त्यांचा साठा वाढवावा.

३२ बिटांच्या पत्त्यांची जगातील एकूण संख्या २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ आहे. ती सर्वांना पुरत नाही. म्हणून संपूर्ण कार्यालय बहुधा एकाच सार्वजनिक पत्त्याने बाहेर ओळखले जाते. कोणाचे उत्तर कोणाला द्यायचे, याची नोंद राउटर ठेवतो. याचा अर्थ असाही होतो की, एकाने केलेला खोडसाळपणा बाहेरून सर्वांच्या नावावर दिसतो.

शेजारी, पण वेगळे

आता दुसरा प्रश्न. जुन्या एकाच तारेवर प्रत्येक पॅकेट सर्वांना ऐकू जाई. आपले नसलेले पॅकेट सोडून द्यायचे, हा केवळ शिष्टाचार होता. हिशेबनिसाच्या गिऱ्हाइकांचे कागद शेजाऱ्याच्या शिष्टाचारावर सोपवून कसे चालेल?

यासाठी एकाच स्विचमध्ये अनेक आभासी जाळी करता येतात. प्रत्येक पॅकेटावर १२ बिटांचा एक शिक्का मारतात. १२ बिटांचे ४,०९६ आकडे होतात. त्यांतील दोन राखीव, म्हणून ४,०९४ जाळी शक्य. क्रमांक १० च्या जाळ्यातले पॅकेट क्रमांक २० च्या जाळ्यात स्विच जाऊ देत नाही. तार तीच, पेटी तीच, पण मध्ये भिंत उभी राहते. पाहुण्यांचे जाळे निराळे आणि छपाईयंत्राकडे जाणारी तेवढी एक वाट सर्वांना खुली, अशी रचना करता येते.

वायफायचा एकच परवलीचा शब्द भिंतीवर चिकटवलेला असला, तर या भिंतीला खिंडार पडते. २००४ पासून रूढ असलेल्या पद्धतीत, तो शब्द माहीत असलेला जाणकार शेजाऱ्याचे संकेत टिपून उलगडू शकतो. २०१८ सालच्या नव्या पद्धतीत ही उणीव दूर केली आहे. पण प्रत्येकाला स्वतंत्र नाव व शब्द देणे अधिक चांगले. एखादा भाडेकरू जागा सोडून गेला, की त्याचा तेवढा शब्द रद्द करता येतो. बाकीच्यांना त्रास होत नाही.

करून पाहा

आठ विद्यार्थी घ्या. प्रत्येकाने १ ते ८ आकड्यांच्या स्वतःच्या चिठ्ठ्या करून एक उचलावी. शिक्षकांनी १ ते ८ मोजावे. आपला आकडा आला की हात वर करावा. एकच हात वर आला तर संदेश पोहोचला, अधिक आले तर टक्कर. वीस फेऱ्यांची सरासरी काढा. दर फेरीत सुमारे ३ संदेश पोहोचतील. आता १ ते १६ चिठ्ठ्या घ्या. सुमारे ५ पोहोचतील. पण वेळही दुप्पट गेला! १६ खंडांत ५ आणि ८ खंडांत ३, यांची तुलना करा. उगाच जास्त थांबणेही नुकसानीचे असते. म्हणूनच संगणक टक्कर झाल्यावरच निवड दुपटीने वाढवतो.

विचार करा

१) तीन संगणकांची पहिली टक्कर झाली. तिघांनी ० किंवा १ निवडले, तर एकाचा तरी संदेश टक्करीशिवाय जाण्याची शक्यता किती?

२) ५४ व ६ वेगाच्या संगणकांना सारख्या पाळ्यांऐवजी सारखा वेळ दिला, तर प्रत्येकाला किती मिळेल? यांपैकी कोणती वाटणी तुम्हांला न्याय्य वाटते, आणि का?

३) आपल्या शाळेच्या संगणककक्षातील तारा कोठून कोठे जातात, याचा आराखडा शिक्षकांच्या मदतीने काढा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिलेला आहे का? नसेल तर लिहा. पुढे एखादी जोडणी बिघडली, की दोष शोधणारा तुम्हांला दुवा देईल.