घरातील हवा : आरोग्याचा एक दुर्लक्षित विचार

पाणी गाळून प्यावे, धान्य निवडून घ्यावे, भाजी धुऊन चिरावी, ही शिकवण आपल्याला घरातच मिळते. हवेच्या बाबतीत मात्र आपण असा चोखंदळपणा दाखवीत नाही. प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा फुफ्फुसांत घेतो, आणि त्यातील बराच भाग घरातील हवेचा असतो. तरीही प्रदूषण म्हटले की कारखान्यांची धुराडी आणि रस्त्यावरील वाहनेच आपल्या डोळ्यांसमोर येतात. उघड्यावरचा धूर वाऱ्याने पांगतो. घरातील धुराला पांगायला जागा नसते, हे आपण विसरतो.

आपल्या ग्रामीण भागात या धुराचा मुख्य उगम चूल हा आहे. सरपण, तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या हे इंधन पूर्णपणे जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. नाकातील केस व घशातील ओलावा त्यांना अडवू शकत नाहीत; ते फुफ्फुसांच्या तळाशी जाऊन बसतात. एक घनमीटर हवेत हे कण चोवीस तासांच्या सरासरीने १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविले. भारतातील मानक ६० मायक्रोग्रॅम आहे. चूल पेटलेल्या कोंदट स्वयंपाकघरात हे प्रमाण या दोन्ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडते.

याचे परिणाम गंभीर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरगुती धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांपैकी २ लाख ३७ हजारांहून अधिक पाच वर्षांखालील बालके होती. दीर्घकालीन श्वसनविकार, हृदयविकार, पक्षाघात, फुफ्फुसाचा कर्करोग आणि मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध आढळला आहे. लहान मुलांत न्यूमोनियाचा धोका त्यामुळे जवळजवळ दुप्पट होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घर एक असले, तरी त्यातील हवा सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. फुंकणी घेऊन चुलीशी बसणारी स्त्री आणि तिच्या मांडीवरील मूल यांच्या वाट्याला सर्वांत अधिक धूर येतो. ओसरीवर बसलेल्यांच्या वाट्याला सर्वांत कमी. कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणाऱ्या धुराचे मोजमाप केले, तेव्हा कोठे हा प्रश्न विज्ञानाच्या नजरेस येऊ लागला. घरातील हवा सुधारणे हा म्हणूनच घरातील न्यायाचाही प्रश्न आहे. जिला धूर सोसावा लागतो, तिला घर बांधताना स्वयंपाकघराची जागा, खिडकी आणि इंधन ठरविण्याचा अधिकार असतो काय, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

उपायांचा क्रम आपण नीट समजून घेऊ. पहिला उपाय म्हणजे धूर होऊच न देणे. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गरीब घरांपर्यंत गॅस पोहोचला. तथापि सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च झेपत नाही म्हणून अनेक घरांत भाकरी आणि अंघोळीचे पाणी अद्याप चुलीवरच होते. तेथे निदान सरपण वाळलेले व बारीक फोडलेले असावे, डाळ आधी भिजवावी, भांड्यावर झाकण ठेवावे आणि पाण्याची चूल अंगणात मांडावी.

घरातील इतर धुरांकडेही पाहिले पाहिजे. विडी-सिगारेट घरात ओढू नये. डास पळविणारी एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्यापेक्षा मच्छरदाणी केव्हाही बरी. वंदनेच्या वेळी अगरबत्ती लावायची असेल, तर एक पुरे, आणि खिडकी उघडी असावी. बाळ-बाळंतिणीच्या बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची आणि तान्ह्या बाळाला धुरी देण्याची रीत मायेपोटी चालत आली असली, तरी ती सोडून दिली पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जखडतो. झोपेतच प्राण जाण्याचा धोका त्यात आहे.

दुसरा उपाय म्हणजे झालेला धूर बाहेर काढणे. गरम हवा वर जाते. म्हणून धूर जाण्याची वाट छपराजवळ आणि ताजी हवा येण्याची वाट तिच्या समोरच्या बाजूस, खाली असावी. एकाच खिडकीने हे काम नीट होत नाही. धुराड्याचे तोंड छपराच्या वर निघावे. फोडणीच्या वेळी आणि त्यानंतरही पंधरा-वीस मिनिटे खिडक्या उघड्या ठेवाव्यात. गॅस वापरणाऱ्या घरांनाही हे लागू आहे. बाहेर कोणी कचरा जाळीत असेल, तर मात्र तेवढा वेळ त्या लावून घ्याव्यात. पावसाळ्यात भिंतींना ओल येऊन बुरशी धरते, तीही दम्याला कारण होते. गळती वेळीच बुजवावी. कोरड्या झाडूने धूळ उडविण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे.

हवा शुद्ध करणारे यंत्र हा तिसरा उपाय. त्याची चांगली गाळणी सूक्ष्म कण अडविते. परंतु कार्बन मोनॉक्साइड तिला अडविता येत नाही. पहिले दोन उपाय टाळून यंत्रावर विसंबणे व्यर्थ आहे. कुंडीतील रोपे घराची हवा स्वच्छ करतात, हा समजही फारसा खरा नाही. उघड्या खिडकीइतका परिणाम साधण्यासाठी दर चौरस मीटरला दहांपासून हजारापर्यंत रोपे लागतील, असे २०१९ सालच्या एका शास्त्रीय आढाव्यात दिसून आले. रोपे शोभेसाठी जरूर लावावीत.

आमच्या निवासी विद्यालयातील विद्यार्थी सुटीत घरी जातील, तेव्हा त्यांनी हा पाठ घरातच पडताळून पाहावा. स्वयंपाकघराच्या आढ्याकडे व भिंतींकडे पाहावे. तेथे साचलेली काजळी आईच्या श्वासातूनही गेलेली आहे. पातळ कागदाची पट्टी खिडकीशी धरावी आणि वारा आत येतो की बाहेर जातो, हे पाहावे. मग घरातील सर्वांनी एकत्र बसून विचार करावा : बंद झरोका उघडता येईल काय, चूल पडवीत नेता येईल काय, सिलिंडरसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवता येईल काय? आणि या विचारात पहिला शब्द आईचा असावा.